बॉयलरच्या पूजेची शाल

"आपल्याच कारखान्यावर केस? लोक शेण घालतील तोंडात!" एवढं बोलून आबा खोकत बसले.

आबा म्हणजे माझे वडील. इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांचा जन्म गेला. गाळप संपलं की वाफेच्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं जुनं वेष्टन फोडायचं आणि नवं चढवायचं. पांढरी भुकटी केसांत, मिशीत, नाकात. तोंडाला बांधायला साधं फडकं कुणी दिलं नाही. आता फुप्फुसं निबर झालीत, चार पायऱ्या चढवत नाहीत.

मी सल्ला घ्यायला गेले, त्या विश्रामबागेतल्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, कामामुळं झालेला हा आजार कायद्यात धरलाय. निवृत्तीनंतरही भरपाई मागता येते, उशीर का झाला तेही कोर्टाला सांगता येतं. फक्त अर्जावर सही आबांची हवी. आणि आबा सही करीनात! का, तर ते सभासद. ऊस त्यांचा, शेअर त्यांचा, म्हणून कारखाना त्यांचा. डोंबलाचा त्यांचा! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "आवं आबा, चेअरमनच्या छातीत गेली का ती भुकटी?" ते भिंतीकडं तोंड करून पडले.

पुढं बॉयलर पेटवायच्या पूजेचं बोलावणं आलं. जुना कामगार म्हणून सत्कार. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. मला संतापानं रडू येत होतं, तरी मीही गेले. त्यांना धरून चालवणार कोण? चेअरमननी शाल पांघरली, "हीच माणसं आपल्या कारखान्याचा कणा," म्हणाले, टाळ्या पडल्या. आबांचा चेहरा असा काही फुलला, की मला त्या चेअरमनच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

परतताना मागच्या बाजूनं आलो. तिथं उरलेल्या पाइपांचं वेष्टन फोडून टाकलं होतं आणि ठेक्यावरची एक बाई ती भुकटी झाडत होती. केस पांढरे, तोंड उघडं. आबा जागीच थांबले.

"पोरी, तोंडाला बांध की काय तरी!"

"काय बांधू, मामा? हितं देतंय कोण?"

इतक्या वर्षांनी तेच! माझ्या तोंडात शिवी आली होती. पण आबांनीच खांद्यावरची शाल ओढून काढली आणि तिच्या हातात कोंबली. "ही बांध. आन् तो झाडू ठेव खाली. लांब हो तिथनं."

मग माझ्या दंडाला धरून ते कितीतरी वेळ नुसती धाप टाकत राहिले.

"आपला कारखाना हाय," शेवटी म्हणाले, "म्हणूनच करायची केस. कुठाय तो अर्ज?"