दोन्ही चाकं फिरली पाहिजेत

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्यानं कुंभारीच्या पुढं डांबरी सोडून काळ्या रानात शिरलं की गाडीवाट लागते. ती एका ओढ्यात उतरते आणि पलीकडं वस्तीवर चढते. त्या वस्तीवर इंजिनाचं वाहन एकच होतं, सोमलिंगाची जीप. मिलिटरीच्या भंगारात निघालेली, कुणा कंत्राटदारानं वापरून टाकलेली. पुढच्या चाकांना ओढ देणारा दांडा त्या कंत्राटदारानंच काढून विकला होता, त्यामुळं गाडी चालायची ती मागच्या दोन चाकांच्या जोरावर. सोमलिंग त्याच कंत्राटदाराकडं ड्रायव्हर होता. नोकरी सुटली तशी ती जीप त्यानं मागून घेतली आणि वस्तीवर आणली.

सकाळी भुईमुगाची पोती आणि माणसं घेऊन तो सोलापूरला जायचा, नवी पेठेत माल उतरवायचा आणि संध्याकाळी बाजार केलेल्या बायकांना घेऊन परत यायचा. माणूस अबोल, पण गाडीच्या बाबतीत भलता मानी. आपली गाडी कुठं अडली असं कुणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ओढ्यात धूळ उडत होती. त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. त्याच पावसात, भाद्रपदातल्या एका दुपारी, सोमलिंगाच्या बायकोला, नीलम्माला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. सोमलिंगाची आई चंद्रव्वा पोटावर हात ठेवून म्हणाली, "मूल आडवं वाटतंय रे. हितं माझ्यानं व्हायचं न्हाय. दवाखान्यात घे."

त्यानं नीलम्माला मागं गोधडीवर निजवलं, आईला शेजारी बसवलं आणि जीप ओढ्यात घातली. पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. पण पलीकडचा काठ चढताना डावं चाक काळ्या चिखलात बसलं. सोमलिंगानं गाडीला जोर दिला. डावं चाक गरगर फिरायला लागलं, चिखल उडवत, घरघरत. खाली उतरून बघतो तर उजवं चाक चांगलं घट्ट मुरमावर होतं आणि हलतसुद्धा नव्हतं. त्यानं दगड घातले, गोधडी घातली, तुराट्या घातल्या. पुन्हा जोर दिला की डावं चाक फिरायचं आणि उजवं मुरमावर थंड उभं राहायचं.

वस्तीवरून बैल आणून जीप ओढून काढेपर्यंत मूल जीपमध्येच झालं. मुलगा होता. रडला नाही. चंद्रव्वानं त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. नीलम्मा एकदाच म्हणाली, "अव्वा, द्या की माझ्याजवळ," आणि चंद्रव्वानं ते पदरात गुंडाळून तिच्याजवळ दिलं.

त्यानंतर सोमलिंगाची झोप उडाली. डोळे मिटले की ते उजवं चाक दिसायचं. डाव्याला दलदल होती, ते काय करणार? पण उजव्याला काय धाड भरली होती? घट्ट जमिनीवर होतं, त्यानं नुसता एक वेढा घेतला असता तर गाडी वर आली असती. हेच तो जेवताना बोलायचा, गाडी धुताना बोलायचा. नीलम्मा ऐकून घ्यायची. मुलाबद्दल मात्र दोघं कधी बोलले नाहीत.

तीन-चार महिने गेले. नीलम्माला पुन्हा दिवस गेले, आणि चंद्रव्वानं हिशेब मांडला तर बाळंतपण परत भाद्रपदातच येत होतं. त्याच आठवड्यात सोमलिंगानं जीप सोलापूरच्या भवानी पेठेत मल्लप्पाच्या गॅरेजपुढं उभी केली.

मल्लप्पा त्याच्या ओळखीतला जुना मिस्त्री. त्यानं मागच्या आसावरचा लोखंडी गोळा, डिफरन्शियल, उघडून आतले दातेरी गिअर दाखवले. "गाडी वळती तवा बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतंय, आतल्याला कमी. म्हणून इंजिनाची ओढ हितं दोघांत वाटली जाती. पण हा गोळा लई भोळा हाय बघ. जे चाक सहज फिरतंय, त्यालाच सगळं देऊन बसतो."

"त्याला दोघांस्नी द्यायला लाव."

"दोन वाटा हायत," मल्लप्पा म्हणाला. "पुण्याच्या जुन्या बाजारात मिलिटरीचा एक गोळा बघितलाय मी. त्यात पत्र्याच्या चकत्या असतात. एक चाक घसराय लागलं की त्या चकत्या एकमेकींना आवळतात आणि थोडी ओढ दुसऱ्या चाकाला देतात. लिमिटेड स्लिप म्हणतात. रस्त्यावर गाडी पहिल्यासारखीच वळती."

"थोडी म्हंजे किती?"

"थोडी म्हंजे थोडी. चाक साफ अधांतरी लोंबकळलं तर त्याचंबी फार चालत न्हाय. तवा पायानं ब्रेक जरा दाबून धरायचा, म्हंजे दुसऱ्याला जोर मिळतो. निघंल गाडी बहुतेक."

सोमलिंगाचा चेहरा उतरला. "आन दुसरी वाट?"

मल्लप्पानं बिडी विझवली. "दुसरी वाट लॉक. ट्रॅक्टरला पायाखाली असतंय तसलं, पाहिजे तवा लावायचं आन सोडायचं, ते ह्या जीपला मला कुटं मिळायचं न्हाय. मग राहिलं काय, तर हे आतले गिअर वेल्डिंग करून जाम करायचे. मग दोन्ही चाकं कायम संगटच फिरणार. चिखल असू दे न्हायतर काय असू दे."

"तेच कर."

"ऐकून तरी घे. डांबरावर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त जायाचं असतंय, ते जाऊ शकणार न्हाय. टायर घासणार, आस पिळणार. आन रस्ता ओला असला तर मागची चाकं गाडीला सरळच ढकलतात, तू स्टिअरिंग कितीबी फिरव. तो गोळा आणू की पुण्याहून. बरा हाय."

"मला बरा नको," सोमलिंग म्हणाला. "बहुतेक नको. दोन्ही चाकं फिरली पाहिजेत, एवढंच."

मल्लप्पानं दोन वेळा त्याला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी सोमलिंग गॅरेजच्या दारात उकिडवा बसला आणि उठेना. मल्लप्पाला वाटलं, आपण नाही म्हटलं तर हा दुसरीकडून कसंतरी करून घेईल, त्यापेक्षा नीट तरी होईल. त्यानं वेल्डिंग करून दिलं, पण गाडी हातात देताना त्याच्याकडं बघितलं नाही.

जीप आता वळणावर किंचाळायची. कोपऱ्यावर मागचा टायर खरडत जायचा आणि आत बसलेल्या माणसांच्या अंगाला हिसका बसायचा. बाजाराच्या बायका एसटीनं जाऊ लागल्या. सोमलिंगाला त्याचं काही वाटलं नाही. आषाढात पाऊस पडल्यावर तो रोज मोकळी जीप घेऊन ओढ्यात उतरायचा आणि वर यायचा. मुद्दाम डावं चाक दलदलीत घालायचा. जीप गुरगुरत वर यायची. वर आला की तो तिथंच थांबून मागं वळून ओढ्याकडं बघत राहायचा. एकदा चंद्रव्वानं त्याला तसं बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते.

नीलम्माला सातवा लागला तेव्हा ती एक दिवस चुलीपुढून म्हणाली, "भवानी पेठेत माझी सुंदरम्मा मावशी हाय की. भाद्रपद लागायच्या आत मला तितं नेऊन सोडा. दवाखाना चालत जायच्या वाटंवर हाय."

सोमलिंगाच्या हातातला घास हातातच राहिला. इतके महिने तो गोळ्याचा विचार करत होता, ही सोपी गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. आणि आली तेव्हा ती त्याला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

"माझ्यावर भरवसा न्हाय तुझा?"

"तसं न्हाय म्हणत मी."

"मग कसं म्हणतीस? गाडी कशापायी केली मी? ह्या खेपंला मी नेणार तुला. मीच नेणार."

नीलम्मानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि ती गोष्ट पुन्हा काढली नाही. तिचं ते गप्प बसणं सोमलिंगानं होकार समजलं.

भाद्रपदाच्या शेवटी पावसानं जोर धरला, आणि त्या झडीतच एका सकाळी नीलम्माला कळा आल्या. पुन्हा तीच गोधडी, तीच चंद्रव्वा शेजारी. सोमलिंगानं जीप ओढ्यात घातली तेव्हा त्याचे दात आवळलेले होते. काठावर डावं चाक बसलं, घसरलं, आणि उजव्यानं मुरूम पकडला. एका हिसक्यासरशी जीप वर आली. सोमलिंग मोठ्यानं हसला, आणि हसता हसता हुंदका आला. "बघितलंस?" तो मागं न बघता म्हणाला. "बघितलंस का, नीले?"

मागं कळेनं नीलम्माचा श्वास कोंडला होता.

डांबरीला लागल्यावर त्यानं गाडी पळवली. टायरला चिखल माखलेला, रस्ता पावसानं चकचकीत. कुंभारीच्या अलीकडं एक साधं वळण आहे, बैलगाड्या तिथं झोपेत वळतात. सोमलिंगानं स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली, गाडी वळली नाही. त्यानं आणखी फिरवलं. मागची दोन्ही चाकं एकजुटीनं जीपला सरळ ढकलत राहिली आणि ती रस्ता सोडून कडेच्या चारीत उतरली, एका बाभळीला घासली आणि कुशीवर कलंडली.

क्षणभर नुसता पावसाचा आवाज होता. मग नीलम्मा ओरडली. वर्षभर ती ओरडली नव्हती, ते सगळं त्या ओरडण्यात होतं. चंद्रव्वा तिच्या अंगावरून बाजूला व्हायला धडपडत होती. सोमलिंग काचेतून बाहेर पडला, मागं धावला आणि ताडपत्री फाडून दोघींना ओढून काढू लागला. नीलम्माचा उजवा खांदा खाली पडल्यासारखा लोंबत होता. त्यानं धरायला हात पुढं केला तर ती म्हणाली, "तुमी नका. अव्वांना धरू द्या."

तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. अक्कलकोटकडून येणारी एसटी दिसली तेव्हा त्यानं दोन्ही हात पसरले आणि बस अगदी अंगावर येईपर्यंत तो हलला नाही. कंडक्टरनं आणि चार बाप्यांनी नीलम्माला उचलून मागच्या लांब बाकावर घेतलं. सोमलिंग दारात उभा राहून सोलापूर येईपर्यंत दांडा धरून होता. आत बघायची त्याची छाती होत नव्हती. मूल याही गाडीतच झालं आणि रडलं नाही, तर आपण दारातून हात सोडायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

दवाखान्यात मुलगी झाली. बारकी, पण रडली. नीलम्माच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. उजवा हात छातीशी बांधून ठेवला होता, त्यामुळं पाजताना सुंदरम्मा मूल धरून बसायची. दवाखान्यातून ती मावशीकडंच गेली. सोमलिंग रोज एसटीनं यायचा, मावशीच्या उंबऱ्याजवळ बसायचा, मुलीकडं बघायचा आणि परत जायचा.

एके दिवशी नीलम्माच म्हणाली, "मला गाडीचं भ्या वाटत न्हाय. मी सांगितलेलं तुमाला ऐकू जात न्हाय, त्याचं वाटतं."

सोमलिंगानं मान खाली घातली. तो म्हणाला, "तवा मला आपलं एकच दिसत होतं."

"व्हय. मला ठावं हाय."

तिथून उठून तो मल्लप्पाकडं गेला. बाभळीपासून ओढून आणलेली जीप गॅरेजच्या मागं पडून होती. "काढ ते," तो म्हणाला. "पुण्याचा आण." मल्लप्पानं लगेच पाना हातात घेतला. जाम केलेला गोळा त्यानं काढून बाहेर टाकला.

दिवाळीच्या तोंडावर नीलम्माचा हात मोकळा झाला आणि ती घरी यायला निघाली. मुलीला मांडीवर घेऊन ती पुढं त्याच्या शेजारी बसली. कुंभारीचं वळण जीपनं हळू आणि बिनआवाज घेतलं. ओढ्यात पाणी उरलं नव्हतं, पण चिखल होता. काठावर सोमलिंगानं गाडी थांबवली.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

नीलम्मानं चिखल बघितला. मग ती खाली उतरली, चपला हातात घेतल्या आणि मुलीला डाव्या खांद्याशी धरून ओढ्यात शिरली. पाय टाकायची जागा चाचपत ती पलीकडं गेली. तिथंही ती थांबली नाही, वस्तीच्या वाटेनं चालत राहिली.

ती वर चढेपर्यंत सोमलिंग थांबला. मग त्यानं जीप ओढ्यात घातली. मध्यावर एक चाक घसरलं, त्यानं ब्रेक जरासा दाबून धरला, आणि गाडी अडखळत अडखळत वर आली. त्यानं हॉर्न वाजवला नाही, हाकही मारली नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, तो तिच्या मागं मागं वस्तीपर्यंत गेला.