साडेसहा फुटांची दांडी

ताईने घर कसं घेतलं हे आठवलं की आधी माझे खांदे दुखायला लागतात. पाच महिने, दर रविवारी, पडद्याच्या एका दांडीचं टोक मी धरलं होतं. दांडी लोखंडी, आतून पोकळ, बरोबर साडेसहा फूट. ताई इस्पितळात नर्स होती, शेवटची नऊ वर्षं हेड नर्स. तिच्या वॉर्डातले दोन खाटांमधले पडदे बदलले, तेव्हा भंगारात निघालेली ही दांडी तिने मागून घेतली होती. स्ट्रेचर जेवढं लांब तेवढीच ती लांब. घर बघायला जाताना लोक एखादा जाणता माणूस सोबत नेतात. ताई दांडी न्यायची, आणि दांडीचं दुसरं टोक धरायला मला न्यायची.

ताई आणि भावोजी एकतीस वर्षं इस्पितळाच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहिले. पहिला मजला, दोन खोल्या, खाली कपडे धुण्याचा विभाग. नोकरी संपली की महिन्याभरात किल्ली परत करायची असा नियम होता, आणि ताईची नोकरी संपायला सहाच महिने उरले होते. भावोजी घड्याळजी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात जवळजवळ गेला, डावा पाय फरफटत चालायचा. दुकान बंद केलं. तेव्हापासून ते क्वार्टरच्या खिडकीपाशी टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून, जुन्या गिऱ्हाइकांची एखाद-दोन घड्याळं उघडत बसायचे. मूलबाळ नाही. उरले मी. मी छापखान्यात प्रूफं तपासते. चुका काढायची मला पगारी सवय, म्हणून घर बघताना मी उपयोगी पडेन असं ताईला वाटलं असावं. चुका ती माझ्याआधीच काढायची, त्यामुळे मला दांडी धरण्याखेरीज काम उरलं नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. घरात शिरायचं, थेट आतल्या खोलीत जायचं, जिथे पलंग पडेल तिथे उभं राहायचं. डोक्याकडचं टोक तिच्या हातात, पायांकडचं माझ्या. दांडी कमरेच्या उंचीवर आडवी धरायची आणि तिथून रस्त्यापर्यंत यायचं, दांडी कुठेही तिरकी किंवा उभी न करता. पायांकडचं टोक म्हणजे जिना मी उलटा उतरायचा. दारं, पॅसेज, जिन्याची वळणं. दांडी भिंतीला लागली की ताई म्हणायची, "चला." म्हणजे हे घर बाद.

पहिल्याच महिन्यात एका एजंटाने विचारलं, "सोफा फार मोठा आहे का तुमचा?"

"सोफा नाही, माणूस आहे," ताई म्हणाली.

त्यानंतर त्या एजंटाने आमचा फोन उचलला नाही.

भावोजी खाली टॅक्सीत बसून राहायचे. जिने त्यांना झेपत नव्हते. टॅक्सीच्या खिडकीतून दांडीचं टोक बाहेर, त्याला मी लाल फडकं बांधायची. आम्ही घर बघून खाली आलो की भावोजी विचारायचे, "काय गं, मेलो का मी?" आणि मी म्हणायची, "दुसऱ्या वळणावर." आम्ही दोघं हसायचो. ताई हसायची नाही.

हसू येण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. झटका आला त्या दिवशी ताई घरीच होती. इस्पितळ समोर, माणसं हाताखालची, पाच मिनिटांत स्ट्रेचर दाराशी आलं. पण क्वार्टरच्या जिन्याच्या वळणावर ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी भावोजींना चादरीत गुंडाळून उतरवलं. त्यात चार मिनिटं गेली, ताईने घड्याळात बघितली होती. मोठ्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की चार मिनिटांनी काही फरक पडला नाही. ताई स्वतः तीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना हेच सांगत आली होती, त्यामुळे असं सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हे तिला पक्कं माहीत होतं. त्या चार मिनिटांत हात गेला, अशी तिची समजूत. ती कुणी काढू शकलं नाही.

चार महिन्यांत आम्ही छत्तीस घरं बघितली. ड्यूटी संपवून ताई फोन करायची, एजंटांच्या विनवण्या करायची, रविवारी पुन्हा दांडी. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकदा जिन्यात बसून ती नुसतं म्हणाली, "मला आता कुठलंच घर नको. मला झोप पाहिजे." मग उठली आणि पुढच्या घराचा पत्ता वाचायला लागली. घर पाहावं बांधून म्हणतात. विकत घेऊन पाहावं, असं कुणी का म्हणत नाही ते मला तेव्हा कळलं. बघण्यातच माणूस अर्धा होतो.

सदतिसावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, बिनलिफ्टचं. मी खालीच म्हणाले, "कशाला चढायचं? बघायच्या आधीच बाद आहे." पण एजंट वर गेला होता. ताईने दांडी उचलली.

घर साधंच होतं. स्वयंपाकघराची खिडकी मात्र मोठी, अख्ख्या भिंतीची. खाली शाळेचं मैदान, मैदानापलीकडे उतरती छपरं, त्यापलीकडे टेकडी. रविवार म्हणून मैदान रिकामं होतं. एक माणूस एकटाच कडेकडेने पांढऱ्या रेघा मारत होता. ताईने दांडी भिंतीला टेकवून ठेवली आणि खिडकीशी उभी राहिली. मी वाट बघितली. एजंटाने खाकरून बघितलं. वॉर्डात एका जागी दोन मिनिटं न थांबलेली माझी बहीण त्या रेघा मारणाऱ्याकडे बघत पंधरा मिनिटं उभी होती. ओट्यावर तिने हात असा ठेवला होता, की जणू तिथे ती रोज ठेवते.

"दांडी?" मी विचारलं.

"हो, हो," ती म्हणाली. पण आम्ही आतल्या खोलीत गेलोच नाही.

उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दांडी अडकली. तिरकी करूनही निघेना. शेवटी मी ती उभी केली आणि काढली.

"निघाली बघ," मी म्हणाले. मला ते घर तिच्यासाठी हवं होतं, खोटं कशाला बोलू.

"दांडी उभी करता येते," ताई म्हणाली. 

अडतिसावं घर त्याच आठवड्यात मिळालं. तळमजला. आधीचा मालक कपाटं बनवून विकायचा, त्यामुळे सगळी दारं छत्तीस इंची. पलंगापासून रस्त्यापर्यंत दांडी एका रेषेत बाहेर आली, कुठे घासलीसुद्धा नाही. पण घर अंधारं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, भर दुपारी दिवा लावावा लागला. "उत्तम आहे," ताई म्हणाली. रिपोर्ट नॉर्मल आला की नातेवाइकांना ती ह्याच आवाजात सांगायची. दोन्ही घरांची किंमत जवळपास सारखीच होती, म्हणजे तीही सुटका नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी क्वार्टरमध्ये तिने दोन्ही घरांचे नकाशे तापाच्या तक्त्याच्या पाठीमागे काढले. भावोजी खिडकीपाशी एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. दारं, पायऱ्या, वळणं, सगळी मापं तिने तोंडपाठ सांगितली. तिसऱ्या मजल्याचं तिने चार वाक्यांत उरकलं, खिडकीचा उल्लेख केला नाही.

भावोजींनी भिंग काढलं. "खालच्या घरात उजेड कुठून येतो?"

ताई नकाशाकडे बघत राहिली. तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"अगं, अडतीस घरांत मला बाहेर कसं काढायचं ते तू बघून आलीस," भावोजी म्हणाले. "आत मी बसणार कुठे, ते एकदा तरी बघितलंस का?"

आवाज चढला नव्हता, पण ताई भडकली. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्यावर ओरडताना ऐकलं नव्हतं. "बसाल कुठेही! तुम्हाला उचलणार कोण आहे इथे? मी एकटी! पुन्हा अडकलात तर? चार मिनिटांत हात गेला तुमचा, अहो, माझ्या डोळ्यांसमोर!"

"हात गेला तो गेला," भावोजी म्हणाले. "डोळे आहेत अजून."

ताई खाटेवर बसली आणि रडली. मी उठून चहा टाकायला गेले.

पुढच्या रविवारी भावोजी पहिल्यांदा टॅक्सीतून उतरले. एक स्टूल, भिंग आणि ते उघडं घड्याळ घेऊन तळमजल्याच्या घरात शिरले. सकाळी नऊपासून ते प्रत्येक खोलीत स्टूल टाकून बसले. बाहेरच्या खोलीत घड्याळ डोळ्याशी नेलं आणि मान हलवली. आतल्या खोलीतही तेच. एजंट कंटाळून दोनदा बाहेर जाऊन आला. दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून, दोन इमारतींच्या फटीतून, उन्हाची एक पट्टी आत आली. टेबल आणि माणूस मावेल एवढी. भावोजी स्टूल ओढत तिथे गेले. पट्टी सरकत सरकत बारा वाजता उंबऱ्यावर गेली आणि संपली.

"दोन तास," ते म्हणाले.

"दोन तासांत काय होणार?" ताईने विचारलं.

"हातही आता दोनच तास चालतो. जमेल."

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "त्या तिसऱ्या मजल्यावरून काय दिसत होतं गं?" त्यांना कुणी सांगितलं होतं, तर अर्थात मी. टॅक्सीत बसल्यावर ताईने त्यांना मैदान सांगितलं, छपरं सांगितली, रेघा मारणारा माणूस सांगितला, आणि त्याची एक रेघ वाकडी गेली होती, हेही सांगितलं. क्वार्टर येईपर्यंत ती बोलत होती. भावोजी ऐकत होते. तळमजल्याचं घर घ्यायचं, हे त्यानंतर कुणाला बोलून ठरवावं लागलं नाही.

घर घेतलं. मागच्या दाराशी भावोजींचं टेबल लागलं. दांडी स्वयंपाकघराच्या दारावर बसवून ताईने तिला पडदा लावला. मी म्हणाले, आता तरी माझे खांदे सुटले.

सव्वा वर्षाने एका सकाळी भावोजींचा फोन आला. इतका शांत आवाज, की मला वाटलं घड्याळ दुरुस्त झालंय म्हणून सांगतायत. "ताई पडली. पलंगापाशीच, ओल्या फरशीवर घसरून. हलता येत नाही तिला. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे."

मी पोचले तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेतच होते. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. चेहरा पांढराफटक, पण तोंड चालू होतं. "पाय आधी. सरळ जा. घाबरू नका, छत्तीस इंच आहे, कुठेही लागणार नाही." ॲम्ब्युलन्सची दोन्ही पोरं हेड नर्ससमोर असावीत तशी निमूट चालली. स्ट्रेचर पलंगापासून रस्त्यापर्यंत एका रेषेत गेलं. भावोजी भिंतीला धरून दार उघडून उभे होते. ताईने त्यांच्याकडे बघितलं आणि दात आवळून म्हणाली, "बघितलंत?"

"बघितलं," भावोजी म्हणाले. "पण माप माझं होतं."

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी ताई वॉकर धरून घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडं उन्हात बसवा. तेव्हा आमच्या लक्षात आलं. अडतीस घरं, इतकी मापं, आणि एकाही घरात ताईने स्वतःची खुर्ची कुठे ठेवायची हे बघितलं नव्हतं. मी, चुका काढणारी, माझ्याही नजरेतून ते सुटलं होतं. तिने ज्या एकाच ठिकाणी हात ठेवला होता, ते तिसऱ्या मजल्यावर राहिलं. मला तिचा राग आला, माझाही आला. ताई म्हणाली, "मी आत बसते. मला काही उन्हाचं एवढं नाही." आणि ते खोटं होतं.

दहा वाजले. उन्हाची पट्टी मागच्या दारातून आली. भावोजी उठले, आणि एका हाताने, दर ढकलीला थांबत, त्यांनी टेबल सावलीत लोटलं. मी मदतीला गेले तर नको म्हणाले. ताईची खुर्ची त्या जागेवर आली. ती बसली, पाय पसरला, डोळे मिटले. भावोजी शेजारी स्टुलावर सावलीत बसले. भिंग टेबलावर तसंच पडलं होतं.

बारा वाजता ऊन उंबऱ्यावर गेलं. ताईने डोळे उघडले.

"आज काम नाही केलंत?"

"झालं की," भावोजी म्हणाले आणि तिला उठायला हात दिला, उजवा.