जमनाच्या गाडीचं दार

पालघरजवळच्या माहीमच्या जमना मेहेरने गाडी घेतली ती रागाने. पालघर स्टेशनबाहेरचे रिक्षावाले तिची मासळीची पाटी दिसली की तोंड फिरवायचे. कोणी वासाचं कारण सांगायचं, कोणी सीट खराब होईल म्हणायचं. एकदा भर उन्हात पापलेटांवरचा बर्फ वितळून पाणी तिच्या खांद्यावरून ओघळलं, तरी एकही रिक्षा थांबली नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला, जितेशला सांगितलं, आता आपली गाडी. जितेशची कंबर बोटीवरच्या कामात कायमची धरली होती. तो घरी बसून मासे साफ करून द्यायचा. तेव्हा चालवायला शिकायचं तर जमनालाच. ती शिकली. वाडीतल्या बायका हसल्या, दोन कुंपणं आडवी झाली, पण शिकली.

गाडी जुनी होती, आधी कितीजणांच्या हाताखालून गेलेली. रोज सकाळी सातपाटीच्या बंदरावरून मासळी भरायची, पालघरच्या नाक्यावर रानभाज्या विकणाऱ्या मंगळीला तिच्या मोटल्यांसकट शेजारी बसवायचं आणि बोईसर गाठायचं, असा दोघींचा नेम पडला. कारखान्यातल्या लोकांच्या वसाहतीबाहेर मागचं दार उघडलं की दुकान सुरू.

पण गाडी दिवसभर उघड्यावर तापायची. मंगळीच्या बाजूच्या दाराच्या आतलं प्लास्टिकचं पॅड उन्हाने पापडासारखं कडक झालं. त्यात मंगळी दार ओढून घ्यायची ती पॅडवरच्या हातटेकणीला धरून, जोर लावून. आधी केसाएवढा तडा दिसला. पुढे तो लांबत खालच्या खिशापर्यंत गेला. जमनाने वर चिकटपट्टी लावली; उन्हात तीही सुटली. शेवटी एक दिवस हातटेकणी उचकटून मंगळीच्या हातात आली आणि तुटलेल्या प्लास्टिकची धार तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओढली गेली. टाके पडले. मंगळी उलट जमनालाच समजावत होती की माझाच हात जड. जमनाला स्वतःचाच राग आला होता, चिकटपट्टी लावून विसरून गेल्याचा.

दुसऱ्या दिवशी ती बोईसरला हितेशच्या गॅरेजात गेली. या गाडीची पॅडं आता मिळत नाहीत, मिळाली तर भंगारात, आणि तीही अशीच तडकलेली, असं तो म्हणाला. तिथवर ठीक होतं. मग त्याने दाराकडे बघणं सोडलं आणि सल्ला दिला, "मावशी, ही गाडी काढून टाका. काकांना पाठवा, मी त्यांच्याशी बोलतो."

"काका बोंबील साफ करतायत, त्यांना वेळ नाय," जमना म्हणाली. "गाडी माजी हाय. काय बोलायचं ते माज्याशी बोल."

हितेश ओशाळून हसला, पण दाराला हात काही लावला नाही. जमनाने गाडी वळवली.

प्लास्टिक तिला नवं नव्हतं. मासळीचे फुटलेले क्रेट बंदरावरच्या बायका तापलेल्या सुरीने सांधतात. तिनेही जन्मभर सांधले होते. घरी तिने स्क्रू काढले, काच वरखाली करायचा दांडा काढला आणि पॅड ओढलं. क्लिपा वाळलेल्या. त्या तुटल्याच, पण पॅडही तड्यावरून दुभंगून दोन तुकडे तिच्या हातात आले. जितेशने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

पहिला सांधा जळला. क्रेटचं प्लास्टिक जाड असतं, हे पातळ. सुरी आरपार गेली आणि पुढच्या बाजूला काळं भोक पडलं. मग तिने शेजारच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न मागून आणलं आणि आधी फुटक्या क्रेटच्या तुकड्यांवर हात बसवला. पॅडमधल्या बारीक तड्यांच्या टोकांना छोटी भोकं पाडली, म्हणजे तडा तिथेच थांबतो. तुकडे जुळवून पाठीमागून चहाच्या गाळणीची जाळी वितळत्या प्लास्टिकमध्ये दाबून बसवली आणि सावलीत निवू दिली. पुढून रेक्झिन चढवलं. त्याच्या कडा जितेशने जाळं विणायच्या सुईने शिवल्या, कोणी न सांगता. दार ओढायला तिने जुन्या सीटबेल्टचा पट्टा थेट पत्र्याला बोल्टने आवळला.

"आता हिकडं धरून वड," तिने मंगळीला सांगितलं. मंगळीने इतकं हळू ओढलं की दार लागलंच नाही. दोघी हसल्या.

पण ऊन राहिलंच. काचांना जुन्या साड्यांचे पडदे लावले तरी गाडी तापायचीच. वसाहतीच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला, बदामाचं मोठं झाड होतं. जमना गाडी त्याच्या सावलीत लावू लागली. वसाहतीचे सेक्रेटरी प्रदीप साळवी तिसऱ्याच दिवशी बाहेर आले. मासळीची गाडी गेटजवळ शोभत नाही, पुढे मैदानात लावा, असं त्यांचं म्हणणं.

"मैदानात ऊन हाय, साहेब."

"तुमच्या गाडीला ऊन लागतं?"

"लागतं. पॅड तडकतं, मग माणसाचा हात फाटतो." तिने मंगळीचा हात पुढे केला. टाक्यांची रेघ अजून लाल होती. "रस्ता सगळ्यांचा हाय. मी हितंच लावनार."

साळव्यांनी हवालदार बोलावला. त्याने पाटी शोधली. तिथे गाडी लावू नये अशी पाटी कुठेच नव्हती. तो गेला. मग एका सकाळी झाडाखाली कुंड्यांची रांग मांडलेली दिसली. जमनाने बाह्या सरसावल्या, एकेक कुंडी उचलून भिंतीकडेला नीट लावली, एकाही रोपाला धक्का लागू दिला नाही, आणि गाडी सावलीत घेतली. वरच्या गॅलरीतून साळवी बघत होते. तिने मुद्दाम वर बघितलं आणि नजर काढली नाही. शेवटी तेच आत गेले.

पुढे कित्येक दिवस कुंड्या पुन्हा मधे यायच्या आणि ती पुन्हा हलवायची. मंगळी म्हणायची, कशाला रोजची झटापट, मैदानात लावू. जमना ऐकायची नाही. हळूहळू गिऱ्हाईक बायकाच येता येता कुंड्या सरकवू लागल्या. त्यांनाही उन्हात उभं राहून मासळी घ्यायची नव्हती. एक दिवस कुंड्या आल्याच नाहीत. साळवी तिच्याशी आजही बोलत नाहीत. तीही बोलत नाही.

परवा मागच्या दाराच्या पॅडला बारीक तडा दिसला. जमनाने त्यावर बोट फिरवलं आणि मंगळीला सांगितलं, येत्या सोमवारी बंदर बंद आहे, तेव्हा हेही उतरवायचं.