तोताराम ड्रायव्हरच्या पुतणीचं विमान

तोताराम पाटील एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होता. निवृत्त झाला तेव्हा डेपोत शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. धुळ्याला देवपुरात दोन खोल्यांचं घर, बायको बेबाबाई, मुलगा जितेंद्र पुण्यात नोकरीला. माणसानं सुखी म्हणावं असं सगळं होतं. पण तोतारामच्या पोटात एक काटा होता, आणि तो काटा म्हणजे त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची मुलगी.

भाऊ निंबा गावी कापूस पिकवायचा. शाळा सातवीपर्यंत, बोलणं तोंडातल्या तोंडात. तोताराम खाकी घालून गावात आला की पारावरची माणसं सरकून जागा द्यायची, आणि निंबा मागे उभा राहून भावाची पिशवी धरायचा. मग निंबाच्या भूमिकानं बारावी केली आणि शिरपूरकडं विमान शिकायला जाते म्हणाली. निंबानं नदीकाठचं शेत विकलं. तेव्हा तोताराम पारावर बसून म्हणाला होता, "आमचा निंबा आता आभाळात कापूस पेरणार." सगळे हसले होते. निंबाही हसला होता.

ते हसणं दहा वर्षांत उलटं फिरलं. भूमिका आधी सहवैमानिक झाली, आणि गेल्या दिवाळीत चार सोनेरी पट्ट्या लावून कॅप्टन झाली. आता तोताराम गावी गेला की लोक विचारायचे, "तुम्ही कॅप्टनचे कोण?" बेबाबाई कौतुकानं फोटो दाखवायची. तोताराम फोटोकडं न बघता म्हणायचा, "त्यात काय एवढं? वर रस्त्यात खड्डे नाहीत, म्हशी नाहीत. बटन दाबलं की जातंय." घरात भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मनाशी म्हणायचा, एकतीस वर्षं लाखो माणसं पोचवली, एकाच्या अंगावर ओरखडा नाही, आपला फोटो कुणी काढला?

मे महिन्यात जितेंद्रला मुलगी झाली. बारशाला पुण्याला जायचं होतं. निंबाचा फोन आला, नेहमीसारखा गावच्या बोलीत.

"भाऊ, जळगावहून इमान शे. त्या दिनले भूमिकाच चालावस. तिनी तिकिटं काढी ठेयेल शेतस. तू आनि वहिनी बठीसन देखा ना एकदा."

नाही म्हणावं असं जिभेवर आलं होतं. पण बेबाबाई शेजारीच कान लावून बसली होती. तिनं फोन ओढून घेतला आणि हो म्हणून टाकलं.

सकाळच्या गाडीनं दोघं धुळ्याहून जळगावला आले आणि स्टँडवरून रिक्षानं विमानतळावर. दुपारचे दोन वाजले होते. पारा चव्वेचाळीसवर. डांबरावरून वाफ उठल्यासारखी दिसत होती आणि त्या वाफेत ते पंखेवालं विमान उभं होतं. तोतारामच्या अंदाजानं आपल्या गाडीपेक्षा दुप्पट लांब, जास्त नाही. त्याला बरं वाटलं.

जिना चढून आत गेले आणि त्याला आणखीच बरं वाटलं. आत भट्टी होती. बाहेरून एक जाड नळी लावून थंड हवा सोडली होती, पण त्या उन्हापुढं तिचं काय चालणार? सीटचा पट्टा हाताला चटका देत होता. साठ-पासष्ट माणसं बसली, दार लागलं, आणि विमान जागचं हललंच नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागच्या रांगेतलं तान्हं बाळ रडायला लागलं. बेबाबाई पदरानं वारा घेत होती.

तोताराम मनात म्हणाला, आता कळलं का, कॅप्टनीणबाई? चार पट्ट्या लावल्या म्हणजे झालं होय?

कारण हा प्रांत त्याचा होता. माणसं चढायच्या आधी गाडी कशी असावी, यात तोतारामचा हात कुणी धरला नसता. सुटायच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी तो गाडी सावलीला लावायचा, सगळ्या खिडक्या उघडायचा, ओलं फडकं सीटवरून फिरवायचा. कंडक्टर चेष्टा करायचे. एकदा अशाच मे महिन्यात गाडी त्याच्या ताब्यात आली ती थेट उन्हातून, पत्रा नुसता फणफणलेला. फलाटावर एक गरोदर बाई होती, दिवस भरत आलेली. तोतारामनं माणसं चढूच दिली नाहीत. गाडी झाडाखाली नेली आणि वीस मिनिटं थंड होऊ दिली. स्टँडच्या माईकवरून त्याच्या नावानं ओरड झाली, प्रवाशांनी शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी हातात ठपक्याचा मेमो पडला. वेळ म्हणजे वेळ, नियमानं मेमो बरोबरच होता. पण त्या दिवशी साऱ्या फलाटावर एकही माणूस त्याच्या बाजूनं बोलला नव्हता. ते त्याला अजून बोचत होतं.

तेवढ्यात भूमिकाचा आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग साध्या मराठीत. "पुण्याला उतरायला जागा नाही, आपल्याला अजून चाळीस मिनिटं थांबायला सांगितलंय. विमानाची स्वतःची थंड हवा एका इंजिनावर चालते. पण आत्ता वारा मागून जोरात येतोय, अशा वाऱ्यात ते इंजिन उभ्या जागी चालू ठेवता येत नाही. मी आत येऊन बघते."

आणि ती खरंच आली. पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. मधल्या वाटेनं शेवटपर्यंत गेली, बाळाच्या कपाळाला हात लावला, एका म्हाताऱ्या बाबांना पाणी द्यायला सांगितलं. परत येताना बेबाबाईकडं बघून जरा हसली. तोतारामनं खिडकीकडं तोंड केलं.

दोन मिनिटांनी दार उघडलं. सगळ्यांनी उतरून पुन्हा इमारतीत बसायचं होतं.

मग जो गोंधळ झाला! खाली हॉलमध्ये लोक खवळले. गळ्यात जाड साखळी घातलेला एक व्यापारी पुढं झाला. भूमिका स्वतः खाली येऊन उभी होती, त्यानं तिच्यापुढं बोट नाचवलं.

"चढवता काय, उतरवता काय! पोरखेळ आहे का? माझी पुण्याहून पुढची फ्लाइट आहे!"

"तुमची अडचण कळते मला," भूमिका म्हणाली. "पण आत तान्हं बाळ आहे, म्हातारी माणसं आहेत. विमान वाऱ्याकडं फिरवून गार करायला वेळ लागेल. चाळीस मिनिटं त्या उकाड्यात मी कुणाला बसवणार नाही. निर्णय माझा आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा, विमानात काम करणाऱ्या या पोरींवर नको."

"बाईच्या हातात विमान दिलं की असंच होणार," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. एकानं मोबाईल वर धरून चित्रण सुरू केलं.

भूमिकाचा चेहरा क्षणभर उतरला. तिची नजर माणसांवरून फिरत तोतारामवर आली. तिनं काही मागितलं नव्हतं. पण त्या हॉलमध्ये तिचं रक्ताचं माणूस एकच होतं, ती दुसरीकडं बघणार तरी कुठं?

बेबाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बोला ना काही. तुम्ही बोललात तर ऐकतील लोक."

तोतारामला सगळं बोलता आलं असतं. पोरगी बरोबर आहे, तापलेल्या गाडीत माणसं कोंबणारा ड्रायव्हर ड्रायव्हरच नव्हे, हे त्याच्याइतकं ठासून सांगणारा तिथं दुसरा कोण होता? त्यानं तोंड उघडलंही. पण आतून कुणीतरी म्हणालं, माझ्या वेळी कोण बोललं होतं? भोगू दे. आणि त्यानं चपलेच्या अंगठ्याकडं बघत तोंड मिटून घेतलं.

भूमिका वळली आणि उन्हात विमानाकडं चालत गेली. हॉलच्या काचेतून तोताराम बघत राहिला. विमानाचं तोंड फिरवून वाऱ्याकडं करून घेतलं. पंखा अडवून ठेवून एक इंजिन सुरू झालं. ती पंख्यापासून लांब उभी राहून एका माणसाशी बोलत होती, मग जिना चढून आत गेली, पुन्हा दारात आली. आत पुरेसा गारवा येईपर्यंत तिनं कुणाला बोलावलं नाही.

पाऊण तासानं लोक पुन्हा चढले. आत फ्रीज उघडल्यासारखा गार वारा होता. बाळ झोपलं. साखळीवाला व्यापारी पट्टा बांधता बांधता शेजाऱ्याला म्हणाला, "नाही, पण मॅडमनं काम बरं केलं. नाहीतर शिजलो असतो." शेजाऱ्यानं मान डोलावली.

हे ऐकून तोतारामच्या अंगाची आग झाली, त्या गारव्यातसुद्धा. तेच काम. तीच वीस-चाळीस मिनिटं. त्याला मेमो, आणि हिला तासाभरात शाबासकी. विमान वर गेलं, खाली तापी कुठं, सातपुडा कुठं म्हणून बेबाबाई लहान पोरासारखी काचेला नाक लावून बसली. तोतारामनं सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते.

पुण्याला उतरताना भूमिका कॉकपिटच्या दारात हात जोडून उभी होती. सगळे गेल्यावर दोघं थांबले. ती वाकून पाया पडली.

"आबा, मोठी आई, फार त्रास झाला ना?"

"छे गं," बेबाबाईनं तिचा गाल कुरवाळला.

तोताराम घसा खाकरून म्हणाला, "माणसं उतरवलीस ते बरोबर केलंस." आणि मग राहवेना म्हणून पुढं म्हणाला, "मी पण असंच करायचो. गाडी आधी सावलीला, मग माणसं. तू लहानपणी यायचीस माझ्या गाडीत. तिथंच बघितलं असशील."

भूमिकानं आठवायचा प्रयत्न केला. "आले असेन आबा. पण मला एस.टी.त उलटी व्हायची, तेवढंच आठवतं." ती मोकळी हसली. "हे मला एका कॅप्टन बाईंनी शिकवलं. त्या म्हणायच्या, दार लागलं की आतल्या माणसांचा घामसुद्धा आपलाच."

तोतारामच्या हातून शेवटचा दोरही सुटला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "उशीर झाला. वरचे काही म्हणणार नाहीत?"

"विचारणार ना. का उतरवलं, किती वेळ गेला, सगळं लिहून द्यायचंय. त्या माणसाचं चित्रण एव्हाना फिरतही असेल." ती खांदे उडवून म्हणाली, पण तिचे डोळे दमलेले होते. "होईल काय व्हायचं ते."

एक क्षण तोतारामला वाटलं, मिळावा हिला मेमो. मिळावाच. दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःची अशी काही शरम वाटली, की त्यानं घाईघाईनं बॅग उचलली आणि जिना उतरला.

जितेंद्रच्या घरी पोचले, नात मांडीवर घेतली, चहा झाला. तोतारामचं लक्ष कशात लागेना. अंधार पडायच्या आत तो गॅलरीत गेला आणि निंबाला फोन लावला.

"भाऊ! पोचनात का? कसं वाटनं?"

"निंबा," तोताराम म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून गावची भाषा आली. "लोके तुनी पोरले वाईटसाईट बोली राहिंतात. आनि मी मुकाट बठेल व्हतू. काहीच बोलनू नही."

मग निंबा म्हणाला, "का रे भाऊ?"

"माले हेवा वाटना," तोताराम म्हणाला.

निंबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, ते कळलं नाही. तो रागावला असेल, असं तोतारामला वाटलं. पण मग त्याचा आवाज आला, जरा दुखावलेला, तरीही नेहमीसारखा हळू. "काय जयं व्हतं ते तरी सांग. पोर फोनवर काहीच सांगस नही. आठे पारवर बठ्ठा लोके इचारी राहिनात, कोनी मोबाईलवर काहीतरी देखं म्हने. माले काय समजस त्यातलं?"

मग तोतारामनं सांगायला सुरुवात केली. वारा मागून होता म्हणजे काय, इंजिन का चालवता आलं नाही, तापलेल्या पत्र्याखाली माणसाचं काय होतं, आणि अशा वेळी उशिराची शिवी खाऊन माणसं उतरवायला छाती कशी लागते. हॉलमध्ये जे बोलायला हवं होतं, ते सगळं. निंबानं फोनचा स्पीकर लावला असावा, कारण मधूनच पारावरचं कुणीतरी विचारताना ऐकू आलं, "कोन बोली राहिना?"

"मना मोठा भाऊ," निंबा म्हणाला. "एकतीस वरीस यष्टी चालाई त्यानी. त्याले समजस हाई."

तोतारामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. आत बेबाबाई हाका मारत होती, नात उठली होती. भूमिकाचा हेवा काही त्या संध्याकाळी संपला नाही, पुढंही संपला नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला की तो आधी दुसरं पान उलटायचा. पण आत्ता पारावर माणसं ऐकत होती, आणि सांगायचं बरंच राहिलं होतं.

"हां, तर ऐका," तो म्हणाला.