बत्तीस टिचबटणांची गाडी

गाडीला दारं असावीत की नसावीत यावर आमच्या घरी रीतसर मतदान झालं, आणि दारं दोन विरुद्ध एक मतांनी पडली.

दारांच्या बाजूचं ते एक मत माझं. विरोधात आमचे हवालदार, म्हणजे माझे यजमान (फौजेत अठरा वर्षं ट्रक चालवून रिटायर झालेले), आणि सासूबाई. सासूबाईंना वाटलं, विषय परसातल्या दाराचा आहे. तिथून शेजारचं मांजर येतं. म्हणून त्यांनी "कायमचं बंद करा मेलं!" असं म्हणून हात वर केला. मत ते मत!

पण आधी गाडीचं सांगायला हवं. साताऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि माहेर विट्याचं. विट्यातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली असतात, आणि परत येताना काय घेऊन येतील याचा नेम नसतो. माझ्या भावाच्या शेजाऱ्यानं दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरातून एक स्पोर्ट्स कार आणली होती. लाल, परदेशी, दोन माणसांची, छप्पर मागं दुमडणारी. आणली आणि गोठ्यात लावली. मी पाहिली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. वय माझ्याएवढंच असावं. फरक इतकाच की तिचं इंजिन बंद पडलं होतं आणि माझं दुकान, घर, सासू, सगळं ओढत अजून चालू होतं.

मला ती आवडली. का, ते विचारू नका. पंचवीस वर्षं एसटीच्या खिडकीतून लोकांच्या गाड्या बघितल्या की माणसाचं डोकं असंच फिरतं.

"अगं, पयलीच गाडी घ्यायची तर जीप घे," हवालदार म्हणाले. "हिच्यात बसल्यावर आंघोळीला पाटावर बसल्यागत वाटतंय."

"माझ्या शिलाईचे पैसे हायत. मला हीच पायजे."

"आन् ह्या कोंबड्या?"

"त्या मालकाच्या."

(एक मात्र उतरलीच नाही. ती साताऱ्यापर्यंत आली.)

गाडी टेम्पोत घालून आणली. आमच्या नणंदबाईंना, मेढ्याच्या सुमनवन्संना, फोनवर आनंदानं सांगितलं. त्या भावाला म्हणाल्या, "दोनच मानसांची गाडी व्हय दादा? मग वैनी कशातनं येनार?"

त्या दिवशी मी ठरवलं, ही गाडी मेढ्याला न्यायची म्हणजे न्यायची! मुहूर्तही आयताच होता. मे महिन्यात वन्संच्या प्राजूचं लग्न होतं. हवालदार नवरीचे मामा आणि नवरीचा ब्लाऊज माझ्याकडे शिवायला.

तीन महिने हवालदार गाडीखाली होते. त्यांच्या जोडीला एक ट्रॅक्टर मेकॅनिक होता. दोघांनी मिळून इंजिन असं बसवलं की गाडी दिसायला स्पोर्ट्स कार आणि ऐकायला नांगरट. हॉर्न ट्रकचा. इंडिकेटर लागतच नव्हते, म्हणून हवालदार म्हणाले, "हात दाखवू. फौजेत हातच दाखवत होतो."

मग पहिल्या चाचणीत, वळणावर, माझ्या बाजूचं दार आपोआप उघडलं. कडेच्या भाजीवालीला वाटलं, गिऱ्हाईक थांबलं. तिनं दोन मेथीच्या जुड्या आत टाकल्या आणि आम्ही निघून गेलो! परत जाऊन पैसे देईपर्यंत तिनं बाजार गोळा केला होता. दाराचे खटके गंजून संपले होते आणि तसले नवे कुठे मिळेनात. म्हणून ते मतदान. ठराव पास होताच हवालदारांनी एकेका दाराला चार-चार बोल्ट मारले.

"वरून उघडी गाडी हाय. दार कशाला लागतंय? वरनं उतरायचं, वरनं निघायचं. रणगाड्यात काय दारं असत्यात?"

त्यामुळे मी माझ्या गाडीत प्लास्टिकच्या स्टुलावर चढून, निऱ्या आवरून, विहिरीत उतरावं तशी उतरायची.

राहिलं छप्पर. जुनं कापड कुजून नुसता सांगाडा उरला होता. हवालदार म्हणाले, ताडपत्रीवाल्याकडे टाकू. मला राग आला. घरात टेलर असताना ताडपत्रीवाला? मी जाड सुती कॅनव्हासचा तागा आणला, गळ्यात टेप टाकला आणि गाडीचं माप घेतलं. दुहेरी शिवण घातली. पुढं आतून हुक, बाकी कडेनं बत्तीस टिचबटणं. खिडकीच्या काचा कधीच गेल्या होत्या, तिथं जाड प्लास्टिक शिवलं आणि हवालदारांच्या बाजूला हात बाहेर काढून दाखवता येईल एवढी फट ठेवली.

"लूज किती ठेवलंस?" हवालदारांनी विचारलं.

"आमच्या दुकानात लूज शिवत न्हाईत."

छप्पर असं बसलं, असं बसलं, की रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका थांबून म्हणाल्या, "काय फिटिंग हाय!" आयुष्यात इतकं चोख काम मी माणसाला सुद्धा दिलेलं नाही.

लग्नाच्या सकाळी आम्ही निघालो. मी पैठणीत, हवालदार फेट्यात, माझ्या मांडीवर प्राजूचा आरीवर्क केलेला ब्लाऊज. सासूबाई आदल्या दिवशीच एसटीनं पोचल्या होत्या (गाडी दोन माणसांची असण्याचा एवढा एक फायदा). छप्पर दुमडलेलं होतं, कारण लोकांनी मला बघायला नको का?

लोकांनी बघितलं. पहिल्या चढावर माझा पदर हवालदारांच्या तोंडावर गेला. दुसऱ्या वळणावर माझा गजरा उडाला आणि मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवर जाऊन बसला. ड्रायव्हरनं वायपर लावला. पुढं रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या लाल मातीनं माझी पावडर, लिपस्टिक आणि हवालदारांच्या मिशा एकाच रंगाच्या झाल्या.

"छप्पर लावा!" मी ओरडले.

आतून लावलं. हुक अडकवले, हात वळवून वळवून बत्तीसच्या बत्तीस बटणं दाबली. आत कसं गार, निवांत. मेढा जवळ आला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. गाडी धुळीनं पार विटेसारखी दिसत होती.

"अशी गाडी घिऊन वन्संच्या दारात जायचं? त्या काय म्हनतील? ते बघा वॉशिंग सेंटर. धुऊन घ्या!"

"अगं, मुहूर्ताला अर्धाच तास उरलाय."

"पाच मिनिटांत व्हतंय!"

वॉशिंगवाला पाइप घेऊन आला. "सायेब, उतरा की खाली."

"उतरत न्हाई आमी. मार पानी!" हवालदार फटीतून म्हणाले.

त्यानं मारलं. फेस, पुन्हा पाणी, वरून फडकं. गाडी लालभडक झाली. मी धन्य झाले आणि आम्ही मेच्या उन्हात पुढं निघालो.

थोडं अंतर गेल्यावर हवालदार म्हणाले, "शैले, मी उंच झालोय का गं?"

"ह्या वयात?"

"मग फेटा वर का लागतोय?"

मी वर पाहिलं. छप्पर मघाशी वीतभर वर होतं. आता माझ्या अंबाड्यावर टेकलं होतं! कापड ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं. आणखी थोडं पुढं गेलो तर हवालदारांची मान वाकडी झाली आणि ते एका डोळ्यानं गाडी चालवू लागले.

"हुक काढ!"

मी हुक ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. माझ्या दोन बांगड्या पिचल्या, हुक जागचा हलला नाही. बटणं तर कापडानं अशी ओढून धरली होती की नख शिरेना.

आणि मला एकदम आठवलं. माझ्या दुकानात काउंटरच्या वर मोठ्या अक्षरात पाटी आहे : 'अस्तर भिजवून आणल्याशिवाय शिवले जाणार नाही.' नवं सुती कापड पाण्यात पडलं की आटतं, हे मी गेली पंचवीस वर्षं बायकांना ओरडून सांगत आले. आणि हा अख्खा तागा मी कोरा शिवला होता!

"आवं..." मी म्हणाले.

"काय?"

"कापड भिजवायचं राह्यलं."

हवालदारांना माझ्याकडे रागानं बघायचं होतं. पण त्याला मान सरळ लागते.

कार्यालयाच्या दारात गाडी थांबली तेव्हा बँडवाल्यांना वाटलं, कोणी पुढारी आला. त्यांनी जोरात सुरू केलं. गर्दी जमली. पण आतून कोणी उतरेना. सुमनवन्सं धावत आल्या.

"वैनी! पोरगी शालू गुंडाळून अर्धा तास बसलीया! ब्लाऊज कुठाय? उतरा की!"

"वन्सं, उतरता येत न्हाई."

"आता मानपानाचं काढू नका हो! नारळ देऊ का ववाळू तुमास्नी?"

"आवं, मानपान न्हाई, अडकलोय!"

हवालदारांच्या बाजूच्या फटीतून मी ब्लाऊज द्यायला लागले. आरीवर्कचे मणी, खडे, लटकन, आणि फट चार बोटांची. आधी एक बाही गेली, मग दुसरी, मग पाठ. वन्सं बाहेरून ओढतायत, मी आतून ढकलतेय आणि मध्ये हवालदारांच्या मिशीत लटकन अडकलेलं! "आई गं!" असं कोणी तरी ओरडलं. ब्लाऊज निसटला. वन्सं पळाल्या.

मग एक जण केटररची सुरी घेऊन आला. "मामी, फाडू का?"

"खबरदार!" मी आतून किंचाळले. "माझ्या शिवनीला हात लावायचा न्हाई!" (त्या क्षणी मला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं. पण हात वर जात नव्हता.)

तेवढ्यात माईकवर भटजींचा आवाज : "नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावे."

सगळे आमच्याकडे बघू लागले.

"नवरीच्या मामांनी त्वरा करावी. मुहूर्त टळतो आहे."

तोवर प्राजू शालू-ब्लाऊज घालून बाहेर आली होती. वन्संच्या दिरानं म्हटलं, "दुसरा कोन तरी मामा करू." झालं! प्राजूचा चेहरा रडवेला झाला.

"न्हाई," ती म्हणाली. "माझा मामा हायच. त्यो आत हाय."

हवालदारांनी हे ऐकलं. वाकड्या मानेनं त्यांनी इंजिन बंद केलं आणि फटीतून फौजी आवाज निघाला : "गाडी न्यूट्रल हाय! सगळे मागं लागा! मंडपात घ्या!"

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि गाडीला खांदे लावले. मंडप लॉनवर होता, मधून लाल गालिचा. हवालदारांनी फटीतून बोट बाहेर काढलं, प्राजूनं ते धरलं आणि मामा-भाची निघाले. भाची पायी, मामा गाडीत. गालिचा चाकाखाली गोळा होत होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले नवरदेवाचे काका हळूहळू आमच्याकडे येत होते! मी प्लास्टिकमधून डावी-उजवीकडे नमस्कार करत होते. दुसरं काय करणार?

गाडी बोहल्याच्या पायरीला टेकली. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या. व्हिडिओवाल्याचे दोन मोठे दिवे नेमके आमच्या छपरावर. कापड तापू लागलं, वाळू लागलं, आणखी आटू लागलं.

"शैले," हवालदार कुजबुजले, "काय तरी कुरकुरतंय."

"कुर्यात सदा मंगलम्, शुभ मंगल..."

ठो!

पहिलं टिचबटण उडालं. मग ठो! ठो! ठो! मागून सुरुवात होऊन बत्तीस बटणं ओळीनं सुटली. आता आमच्या भागातल्या लग्नात निम्मे पाहुणे रिटायर फौजी. पहिल्या आवाजाला त्यांनी माना वळवल्या आणि तिसऱ्याला दोन रांगा खुर्च्यांमागं आडव्या झाल्या! एका म्हाताऱ्या सुभेदारांनी तर शेजारच्या व्याह्यांनाही खाली दाबलं. शेवटी हुक तुटले, छप्पर सपकन मागं उडालं आणि जाऊन पडलं ते वाजंत्र्यांच्या ढोलावर.

आम्ही दोघं उजेडात आलो. माझा अंबाडा थापलेल्या भाकरीसारखा, हवालदारांचे हात शरण आल्यासारखे वर. अर्ध्या मांडवानं घाबरून हातातल्या अक्षता टाकल्या, आणि त्या सगळ्या आमच्यावर पडल्या.

"लागलं परत लगीन," हवालदार मान चोळत म्हणाले.

"मला कुनी इचारलंय का?"

अंतरपाटाआडून प्राजूचं हसू ऐकू आलं. मग नवरदेवाचं. मग भटजींचं सुद्धा. त्यांनी "सावधान" तीन वेळा म्हणायचा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा जमला. पाठवणीच्या वेळी प्राजू रडायला म्हणून माझ्या गळ्यात पडली, तोंडाकडे बघितलं आणि परत हसत सुटली. वन्संनी डोळे पुसत मला बाजूला घेतलं. मी बोलणी खायची तयारी केली.

"वैनी," त्या म्हणाल्या, "रडायचा कार्यक्रम पार नासवलात बघा." आणि त्याही हसायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात मेढ्याकडचे एक आजोबा पत्ता शोधत माझ्या दुकानात आले. डोक्याला टोपी, हातात सुतळीचा गुंडा.

"त्या लग्नातल्या गाडीचं टप कुनी शिवलं हुतं?"

मी मान खाली घालून म्हटलं, "मीच."

"लय झ्याक काम! दोन धडधाकट मानसं आत, पर बाहीर येऊ शकली न्हाईत. मला तसलंच एक झाकान पायजे. आमची शेळी कशातच ऱ्हात न्हाई."

मी एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, वही उघडली आणि विचारलं, "शेळीची छाती किती?"