समुद्राचं कार्ड

आमचे मोठे भाऊजी घरातून कुठंही निघताना माणसं मोजायचे. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, रिक्षात बसण्याआधी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून आकडा म्हणायचे, "एक, दोन, तीन." मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून माझ्या खांद्याला हात लावायचे नाहीत. माझ्याकडे न बघता हवेतच हात हलवायचे आणि "चार" म्हणायचे. अर्नाळ्यात त्यांना सगळे हिराजी तांडेल म्हणून ओळखायचे. पन्नास वर्षं त्यांनी बोट चालवली. जेवढी माणसं न्यायची तेवढी परत आणायची, ही त्यांची सवय. ती जमिनीवर आल्यावरही सुटली नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की थोरल्या दिराशी समोर उभं राहून बोलायचं नाही. मी मुळातच बुजरी, शिक्षण चौथीपर्यंत. मला ते सोयीचंच वाटलं. पुढे सासूबाई गेल्या, जाऊबाई गेल्या, आजूबाजूच्या घरांतल्या सुना दिरांशी हसून बोलायला लागल्या, पण आमच्यात ते तसंच राहिलं. मुलगा लहान होता तोवर त्याच्यामार्फत निरोप जायचे. मुलगा विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर मी मांजरीशी बोलायला लागले. भाऊजी ओट्यावर बसलेले असायचे. मी आतून म्हणायची, "मांजरे, जेवण वाढलंय गं." ते उठून यायचे. दोन घास खाल्ले की मांजरीला सांगायचे, "मांजरे, आज मीठ जरा जोरात पडलंय." आमचे हे जेवता जेवता हसायचे. "त्या मांजरीला एक दिवस येड लागंल," म्हणायचे.

पण बोटीवर भाऊजींचा कायदा वेगळा होता. नवा खलाशी आला की ते पहिल्याच दिवशी बजावायचे, "मना लाजरा मानूस नको. पान्यात खडक दिसला नि तू गप बसलास, तर सगली जातील. शिव्या दे, बोंबल, पन बोल." हे मी स्वयंपाकघरातून कितीदा तरी ऐकलं होतं. ते खलाशांसाठी आहे असं मी समजत होते.

गुडघे गेले तसं त्यांचं समुद्रावर जाणं थांबलं. आमच्याकडे बोटीवर चढायचं तर कमरेएवढ्या पाण्यात चालत जावं लागतं, मग हातावर जोर देऊन वर उडी मारायची. ते जमेना तेव्हा त्यांनी बोट विकली. मग दिवसभर ओट्यावर. वाळत घातलेले बोंबील राखायचे, जाळं शिवून द्यायचे, मला पालेभाजी निवडून ठेवायचे. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहायचे आणि परत आले की यांना म्हणायचे, "एकदाच जायचंय रं. जमीन दिसत नाय तिथवर. बस, मंग काय नाय."

म्हणूनच आमच्या मुलानं, नितेशनं, त्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली. मुंबईहून गोव्याला जायचं आणि परत यायचं. आम्ही दोघं, नितेश, सून प्राची, नात आरोही आणि भाऊजी, असे सहा जण. भाऊजींनी एकच गोष्ट विचारली, "चढायला पान्यात उतरावं लागत नाय ना?" नितेश म्हणाला, "मोठेबाबा, लिफ्ट आहे." ते बराच वेळ हसत होते. आरोहीनं मोबाइलवर जहाजाचा फोटो दाखवला. वर पोहायचा तलाव होता. "समुद्रावर तलाव? कशाला? पानी कमी पडलं काय?" त्या आठवड्यात ते ही गोष्ट प्रत्येकाला सांगत होते. न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले. नवा पांढरा सदरा शिवला.

निघायच्या सकाळी नितेशचा फोन मी घेतला होता. तो म्हणाला, "आई, सगळ्यांना सांग, आधार कार्ड ओरिजिनल घ्यायचं. झेरॉक्स नको." मी आमची दोघांची घेतली. भाऊजींच्या खोलीच्या दारात गेले तर ते कपाटातला पत्र्याचा डबा उघडून बसले होते. त्यात त्यांचे सगळे कागद. आधार कार्ड वरच होतं, मला दिसत होतं. त्यांनी ते बाजूला सरकवलं आणि खालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं दुसरं कार्ड काढलं. मच्छीमारांना मिळतं ते. त्यावर त्यांचा फोटो, बोटांचे ठसे घेऊन सरकारनं दिलेलं. समुद्रात गस्तीची बोट आडवी आली की हेच कार्ड दाखवायचं. मिळाल्यापासून हे कार्ड घेतल्याशिवाय ते कधी समुद्रावर गेले नाहीत. त्यांनी ते सदऱ्यानं पुसलं, कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. मग डब्याला कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली.

मी दारात उभी होते. सांगायला हवं होतं. हे आंघोळीला गेले होते. मांजर कुठे दिसेना. बाहेर नितेशच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, गाडीत यांच्या कानात सांगेन. पण गाडीत हे पुढे बसले, भाऊजी त्यांच्या मागे आणि मी पार कडेला. जाताना भाऊजी इतके बोलत होते की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, समुद्रावर जायला काय लागतं ते भाऊजींना ठाऊक नसेल तर मला चौथीवालीला काय ठाऊक असणार? शिवाय दोन्ही कार्डं सरकारचीच. चालेल. असं स्वतःला सांगत मी बंदरापर्यंत गेले.

बंदरावरची इमारत म्हणजे काचा आणि गारवा. तिथून समुद्र दिसतच नव्हता. काचेपलीकडे जहाजाची पांढरी भिंत तेवढी, बिल्डिंगीसारखी. भाऊजी मान वर करून बघत राहिले. "हिला जाली नाय, मासली नाय. मंग येवढी मानसं वर करतात काय?" ते म्हणाले. मागची बाई हसली. मग त्यांनी आम्हाला मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच, नि मी सा."

काउंटरवरच्या मुलीनं आमची कार्डं घेतली, परत दिली. भाऊजींचं कार्ड तिनं उलटंपालटं केलं. "अंकल, हे नाही चालणार. आधार द्या ना."

"बाय, हे समुद्राचंच कार्ड हाय. हे बघ शिक्का."

"हो अंकल, पण आमच्या सिस्टीममध्ये हे नाहीच आहे. आधार, पासपोर्ट, व्होटर आयडी, काहीही चालेल."

"गस्तीवाल्यांना चालतं. त्यांच्याकडं बंदुका असतात. तुना चालत नाय?"

ती मुलगी वाईट नव्हती. आत जाऊन साहेबांना विचारून आली. साहेबही आले, भाऊजींना नमस्कार केला आणि तेच म्हणाले. नितेशनं मोबाइलवर आधार उघडायचा प्रयत्न केला. त्याला नंबर येतो म्हणे फोनवर. तो यायचा भाऊजींच्या जुन्या मोबाइलवर आणि तो मोबाइल कधीच बोटीवरून पाण्यात पडला होता. अर्नाळ्याला जाऊन यायला पाच तास. काउंटर बंद व्हायला दीड. मागची बॅगा घेतलेली माणसं बाजूनं पुढे सरकत होती.

नितेश रडकुंडीला आला. "मी सांगितलं होतं आईला," तो म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. भाऊजी म्हणाले, "तिला काय बोलतोस? डबा माजा, कुलूप माजं."

हे म्हणाले, "दादा, मी राहतो तुज्यासंगं. पोरं जाऊ देत."

"येक खलाशी आला नाय म्हनून बोट बंदरात ठेवतात काय? चला." त्यांनी यांच्या खांद्याला हात लावला. मग नितेशच्या, प्राचीच्या. आरोही त्यांच्या पायाला चिकटून रडत होती, तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यापाशी हवेत हात हलवला. "पाच. पुरी मानसं हायत. जावा."

नितेशनं त्यांच्यासाठी घरापर्यंत गाडी करून दिली. काचेतून मी त्यांना जाताना पाहिलं. पांढरा सदरा, हातात लहान बॅग. पायऱ्या एकेक करून उतरत होते. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा प्राचीनं माझा दंड धरला होता आणि माझे पाय रांगेबरोबर पुढे गेले.

संध्याकाळी आरोहीनं शेजारच्या पोराच्या मोबाइलवर त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते ओट्यावर पोहोचले होते. त्यांनी विचारलं, "पोरी, जमीन गेली काय?" आरोही म्हणाली, "माहीत नाही मोठेबाबा. बाहेर अंधार झालाय. इथे जादूचे प्रयोग चाललेत." ते म्हणाले, "मंग जादू बघ." फोन बंद झाला. मी उठून कठड्यापाशी गेले. कुठल्याच बाजूला दिवा दिसत नव्हता. जमीन गेली होती. त्यांना सांगायला आता रेंजही नव्हती.

आम्ही परत आलो. नितेश म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. भाऊजी "बरं" म्हणाले. पावसाळ्यात ते आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत, म्हणून ते राहिलंच. पण मला सांगायचं आहे ते परत आल्यानंतर दोन दिवसांनी झालं. हे बाजारात गेले होते. मी ओट्यावर भाऊजींपुढे चहा ठेवला आणि आत वळले.

"त्या सकाली तू दारात व्हतीस," ते म्हणाले.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मांजरही नव्हती. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलत होते.

"डबा उगडला तवा बघत व्हतीस. तुना ठावं व्हतं, दुसरं कार्ड लागंल ते?"

मी मानेनंच हो म्हटलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मंग बोलली का नाय, बाय? मी काय खातो?"

मी पदर बोटाला गुंडाळत उभी राहिले. सांगायला सगळं होतं, मांजर, गाडी, माझं चौथीचं शिक्षण. ते वाट बघत होते. चहावर साय आली.

शेवटी त्यांनीच नजर काढून घेतली. "जा आत," म्हणाले, "भात करपंल."

मी आत गेले. भात अजून टाकायचाच होता. तांदळाचं सूप त्यांच्याच मांडीवर होतं. मघापासून त्यातले खडे तेच वेचत बसले होते.