प्रोटीन वाढलंय

बोंबील तळल्याचा वास आला की मीरा रोडचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. बाबांना मायलोमा, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि दर महिन्याला त्यांचं रक्त तपासलं जायचं. एकदा डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन वाढलंय." झालं, त्या दिवसापासून आईने डाळ, अंडी, मासे सगळं बंद केलं. जवळच्या तारोडी गावची कोळीण दारात हाक मारायची आणि आई आतूनच "नको गं" म्हणायची. जन्मभर मासे खाल्लेले रत्नागिरीचे बाबा मुकाट्याने ताकभात गिळायचे. पुढच्या तपासणीला त्यांना दवाखान्याचा जिना चढवेना. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अहो काकू, हे प्रोटीन ताटातलं नाही! आजारी पेशीच ते तयार करतात, म्हणून आम्ही त्यावरून आजार मोजतो. किडनी ठीक आहे, यांना पोटभर खाऊ घाला." त्या संध्याकाळी आईने बोंबील तळले. बाबा मन लावून जेवत होते. ओट्याशी उभं राहून त्यांच्याकडे बघत तिने मला हळूच विचारलं, "मग आता मी काय बंद करू?"